खिशातला टेस्टर

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टने गचका खाल्ला आणि ती थांबली. जाळीतून अर्धी भिंत आणि अर्धा जिना दिसत होता.

"काय झाला रं? बंद परली काय?" सरूबाईने विचारलं. वेसाव्याची ही म्हातारी दर रविवारी अंधेरीतल्या या इमारतीत मासे घेऊन यायची. सहाव्या मजल्यावर पापलेटं देऊन ती खाली निघाली होती. पायाशी पाटी आणि पाटीत शेजारच्या सोसायटीचे बोंबील.

"ब... ब..." धोंडिराम म्हणाला.

"बंद परली," सरूबाईने त्याचा शब्द पुरा करून टाकला.

पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या धोंडिराम उजगरेला त्याचं काही वाटलं नाही. चोपन्न वर्षं लोक त्याची वाक्यं पुरी करत आले होते. शाळेत मास्तर, कामावर साहेब, घरी बायको रुक्मिणी. रुक्मिणी तर इतक्या मायेने करायची, की आपल्याला काय म्हणायचं होतं हे कधीकधी त्याला तिच्याकडूनच कळे. जीभ अडखळते म्हणून धंदाही त्याने असा निवडला होता, की बोलायची गरज पडू नये. तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. यंत्र कधी मध्येच तोंड घालत नाही.

आज मात्र बोलण्यावाचून सुटका नव्हती. साडेनऊला चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर, त्याला उपदेश करायचा होता.

चूक त्याचीच होती. दर रविवारी तो प्रार्थना करायचा, प्रभू, मला तुझं काहीतरी काम दे. त्याच्या मनात चर्चचे पंखे असायचे, फार तर माईक. पण महिन्यापूर्वी पाळकसाहेबांनी त्याला शिडीवरून खाली बोलावलं आणि म्हणाले, "धोंडिराम, पुढच्या महिन्यात उपदेश तू करायचास."

"बो... बोलणारे पुष्कळ आहेत, साहेब."

"आहेत ना. पण मी प्रार्थनेला बसलो की नाव तुझंच येतं. मी तरी काय करू?"

महिनाभर धोंडिराम रोज रात्री वही उघडून बसायचा आणि मिटायचा. आज सकाळी शर्टाची बटणं लावताना त्याने देवाला शेवटचं विचारून घेतलं. तुझी इच्छा नसेल तर मला वाटेतच अडव.

आणि लिफ्ट थांबली! इतक्या वर्षांत एवढं झटपट उत्तर त्याला कधीच मिळालं नव्हतं. त्याला एकदम हलकं वाटलं. बिघाड काय आहे ते त्याला आवाजावरूनच कळलं होतं. जाळीच्या दरवाजाची पितळी पट्टी सैल झाली होती, दोन मिनिटांचं काम. पण तो हाताची घडी घालून आरामात टेकला.

सरूबाईने वॉचमनच्या नावाने दोन हाका मारल्या. वॉचमन चहाला गेला असावा. मग तिने धोंडिरामकडे नीट पाहिलं. "ए बाबा, तू लिफ्टवालाच ना? माजा म्हावरा खराब होल. कर ना कायतरी!"

"मावशी, मला चर्चमध्ये उ... उ..."

"उशीर झाला?"

"उ... उपदेश करायचाय. मला जमणार नाही. मी देवाला म्हटलं, नको असेल तर अ... अडव. त्यानेच अडवलंय."

सरूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर छातीशी येऊन थांबली. "देवानी अरवला, बरं. मंग तुज्या खिशान टेस्टर कोनी ठेवला?"

धोंडिरामने खाली पाहिलं. रविवारच्या पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टात, पेनाशेजारी टेस्टर होता. रोजच्या सवयीने हातानेच खोचला होता. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला, आणि मग तो असा खदखदून हसला, की लिफ्ट हलली.

त्याने टेस्टरने स्क्रू आवळला आणि जाळी खाडकन लावली. लिफ्ट निमूटपणे खाली गेली.

"पलू नको रं," पाटी डोक्यावर चढवत सरूबाई म्हणाली.

तो पोहोचला तेव्हा उपदेशाआधीचं शेवटचं गाणं चालू होतं. गायनाची पुस्तकं वाटायला लवकर आलेली रुक्मिणी पहिल्या बाकावर होती. त्याला पाहून तिचा जीव भांड्यात पडला. धोंडिराम पुढे जाऊन उभा राहिला. वहीत जेमतेम अर्धं पान होतं. गिऱ्हाइकांना तो तीस वर्षं जे सांगत आला तेच त्यात लिहिलं होतं. बटण दहादा दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येत नाही, ती तिच्या वेळेला येते, आपण फक्त दारापाशी असावं.

पण त्याआधी एक शब्द होता.

"प्र..." धोंडिराम म्हणाला. "प्र... प्र..."

चर्चमध्ये चाळीस माणसं होती, आणि तो शब्द सगळ्यांना ठाऊक होता. दुसऱ्या बाकावर कुणाचे तरी ओठ हलले. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. रुक्मिणीने दोन्ही हातांनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला, आणि तिचे डोळे भरून आले. दाराशी, बोंबील देऊन आलेली सरूबाई रिकामी पाटी काखेत धरून उभी होती. तीसुद्धा गप्प होती.

कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"प्र... प्रभू," धोंडिराम म्हणाला.

आणि पुढच्या शब्दासाठी सगळे पुन्हा थांबले.