हवेच्या अठरा जोड्या

सकाळी सात वाजता ड्रुसिला पार्डी स्वयंपाकघरात थंड पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवून उभी होती आणि तव्यावरचे टाउटन, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे जाड तळलेले पाव, एका बाजूनं करपत होते. लिअँडर दारात येऊन थबकला. बेचाळीस वर्षं संसार केला तरी बायकोला असलं काही करताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"पोरी, तोंड धुतेस की जीव देतेस?"

तिच्या अडुसष्टाव्या वर्षीही तो तिला पोरीच म्हणे. ड्रुसिला धापा टाकत वर आली. "तोंड धुतेय."

"इतका वेळ?"

"मळ जास्त आहे. तू जा, टाउटन उलट."

लिअँडरनं ते उलटले आणि काळी बाजू गुपचूप स्वतःच्या ताटलीत घेतली. चांगला माणूस होता, पण त्या हिवाळ्यात दोघंही एकमेकांशी धडधडीत खोटं बोलत होती, आणि दोघांनाही ते धड जमत नव्हतं.

ड्रुसिलाचं खोटं पिठाच्या डब्यात होतं. तिथं तिनं रोसाल्बाचं पत्र लपवलं होतं.

आता हे काय ते सांगितलंच पाहिजे. सत्तावीस वर्षं, आठवड्यातून एकदा, ईशान्येचा वारा समुद्रावरून सरळ येत असला की ड्रुसिला लाकडी पेटी घेऊन गावाच्या टोकावरच्या कड्यावर जायची. पेटीत दोन काचेच्या बाटल्या, आतली हवा आधीच ओढून घेतलेल्या. वाऱ्याकडे तोंड करायचं, छातीभर श्वास घ्यायचा, तो धरायचा, दहा पावलं पुढे जायचं, बाटली डोक्यावर धरून तोटी उघडायची, पंधरापर्यंत मोजायचं, तोटी बंद. मग दुसरी. श्वास धरायचा कारण माणसाचा एक उच्छ्वास आत गेला की सगळं मुसळ केरात. बाटल्या जायच्या दूर प्रयोगशाळेत. तिथं आयर्लंडहून, सामोआहून, थेट दक्षिण ध्रुवावरूनही अशाच बाटल्या येत. जगाची हवा वर्षानुवर्षं कशी बदलतेय ते या असल्या बाटल्यांवरून कळतं. ड्रुसिलानं त्या भरणाऱ्यांतल्या कुणालाही पाहिलं नव्हतं, पण बोलायची मात्र नणंदा-जावांबद्दल बोलावं तशी. "सामोआवालीला काय, चपला घालून हवा भरते," असं.

प्रयोगशाळेतल्या रोसाल्बानं फेब्रुवारीत लिहिलं होतं: ऑक्टोबरपासूनच्या अठराच्या अठरा जोड्या बिघडलेल्या आहेत. मे महिन्यात समितीची बैठक आहे, खर्च कमी करायचाय, काही ठिकाणं बंद होणार. मार्चमधल्या चार जोड्या तरी स्वच्छ आल्या पाहिजेत, नाहीतर मला तुझी बाजू मांडता येणार नाही, बाई.

ड्रुसिलानं पत्र दोनदा वाचलं आणि निकाल लावून टाकला: आपलं वय झालं. बारापर्यंत मोजलं की हल्ली छाती फुटायला यायची, नकळत थोडा श्वास सुटत असणार. म्हणून ते पाण्याचं भांडं.

लिअँडरला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो इथला दीपगृहाचा रखवालदार होता. दिवा आपोआप चालू-बंद व्हायला लागला तेव्हा त्याला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तो एक हिवाळा तो खिडकीपाशी नुसता बसून होता. ते तिनं पाहिलं होतं. तशीच आपण बसणार आणि तो आपल्याकडे पाहणार, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

लिअँडरचं खोटं वेगळं. वारा ईशान्येचा झाला रे झाला की त्याला शेजारच्या ह्यूबर्टच्या होडीचं इंजिन आठवायचं. "जरा बघून येतो," म्हणायचा आणि तिच्या आधीच बाहेर पडायचा. त्या इंजिनाला एवढं काय झालंय, असं तिनं एकदा विचारलं. "जुनं आहे गं," तो म्हणाला, "माझ्यासारखं."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रोसाल्बाचा फोन आला. लिअँडर बाहेर लाकडं फोडत होता, तरी ड्रुसिला हळू आवाजात बोलली.

"रोसाल्बा, माझा श्वासच पुरत नाही गं. आता लपवून काय करू."

"तुझा श्वास नाहीये तो," रोसाल्बा म्हणाली. "म्हणून तर फोन केला. श्वासानं कार्बन डायऑक्साइड वाढतो. इथं त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडही वाढलाय. म्हणजे धूर. तुझ्यासमोर काहीतरी जळतंय."

"माझ्यासमोर काय जळणार? कडा संपला की थेट आयर्लंड."

"मग आयर्लंडवाल्याला विचारू?" रोसाल्बा हसली, पण लगेच गंभीर झाली. "नीट बघ. काही वास येतो का?"

वास कुठला येतोय. सहा वर्षांपूर्वीच्या तापात ड्रुसिलाचं नाक गेलं ते गेलंच. मासा नासलाय की ताजा, हेही तिला लिअँडरला विचारावं लागे.

तिनं फोन ठेवला. बाहेर लाकडं फोडायचा आवाज थांबला होता. एकाएकी तिला आठवलं की लिअँडरनं डॉक्टरांसमोर पाइप सोडल्याची शपथ घेतली त्याला दोन वर्षं झाली, आणि तो पाइप तिनं नंतर घरात कुठंच पाहिला नव्हता.

गुरुवारी वारा ईशान्येचा झाला. लिअँडर इंजिन बघायला गेला. ड्रुसिला पेटी घेऊन निघाली. खडकावर बर्फाचा पातळ थर होता, पाऊल जपून टाकावं लागत होतं. नेहमीच्या जागी तिनं पेटी ठेवली, पण उघडली नाही. तशीच पुढे कड्याच्या काठापर्यंत गेली आणि खाली वाकून पाहिलं.

दोन हात खाली, जेमतेम बसता येईल एवढ्या सपाट खडकावर लिअँडर बसला होता. कमरेला दोर, दोराचं टोक जुन्या लोखंडी कडीला. तोंडात पाइप. वारा त्याचा धूर उचलून तिच्या तोंडावरून नेत होता.

"झालं का इंजिन?" ड्रुसिलानं विचारलं.

त्यानं पाइप तोंडातून काढला. लपवायला जागाच नव्हती. "पोरी, काठाशी उभी राहू नकोस. मागे हो आधी."

"एकाहत्तर वर्षांचा घोडा, कड्याला लटकून पाइप ओढतोस? माझ्या अठरा जोड्या नासवल्यास. ठिकाण बंद करताहेत माझं, कळतंय का तुला?"

कळलं नव्हतंच त्याला. त्याचा चेहरा साफ उतरला.

"सप्टेंबरात तू इथं पडलीस," तो म्हणाला. "मला बोलली नाहीस. पँटचा गुडघा चिखलानं भरलेला होता, फाटला होता. तू तो शिवून टाकलास, मला वाटलं बघू सांगते का. नाही सांगितलंस. घसरलीस तर या बाजूलाच येणार ना तू? म्हटलं मध्ये आपण बसावं. किनाऱ्याच्या वाटेनं तुझ्याआधी पोचतो. पण थंडी फार गं इथं, म्हणून जरा..." त्यानं पाइपकडे पाहिलं.

ड्रुसिला खडकावर बसली. तिला रडू येत होतं आणि त्या माणसाला समुद्रात ढकलून द्यावंसंही वाटत होतं.

"मला भीती वाटते इथं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून. म्हणून श्वास टिकत नाही."

"मग मी घरी जाणार नाही, तू काही म्हण."

"घरी जा कोण म्हणतंय? वाऱ्याच्या खालच्या बाजूला ये. माझ्या पाठीमागे."

"मागून तुला काय धरणार?"

ती त्याच्या कमरेच्या दोराकडे बघत राहिली. मग दोघांनाही एकदमच सुचलं.

तो वर आला. पाइप विझवून त्यानं तिच्याच हातात दिला. दोर तिच्या कमरेला बांधून, दुसरं टोक हातात धरून तो चाळीस पावलं मागे गेला आणि पाय रोवून उभा राहिला. ड्रुसिलानं थोडा वेळ वाऱ्याला सगळं धुऊन नेऊ दिलं. मग छाती भरून घेतली, दहा पावलं टाकली, तोटी उघडली. पंधरा झाले, तरी श्वास शिल्लक होता. वळून पाहिलं तर लिअँडरही गाल फुगवून, लालभडक होऊन उभा.

"तू कशाला धरलास श्वास?"

"चुकून अजून एक नासायला नको," तो धापा टाकत म्हणाला.

मार्चच्या चारही जोड्या स्वच्छ आल्या. मे महिन्यात रोसाल्बाचा फोन आला. ठिकाण राहणार होतं.

"एक काम राहिलंय," रोसाल्बा म्हणाली. "त्या अठरा जोड्या. आम्ही काहीच फेकत नाही, खूण करून कायमचं ठेवतो. शंभर वर्षांनी कुणी बघितलं तर कळायला हवं काय झालं होतं. कारण काय लिहू? नुसतं धूर लिहू?"

ड्रुसिलानं मागे पाहिलं. लिअँडर ताटल्या पुसत होता आणि ऐकत नसल्याचं सोंग करत होता.

"धूर लिहीच," ती म्हणाली. "आणि पुढे लिही, नवरा माझ्या आणि समुद्राच्या मध्ये बसला होता."

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

"अठराही आठवडे?" रोसाल्बानं विचारलं.

"अठराही," ड्रुसिला म्हणाली.