अकराच्या दिशेला

"वल्हं उलटं धरलंयस," ओझेला मागे न बघताच म्हणाली.

डेल्विनने हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं. पात्याची पोकळ बाजू खरंच पुढे होती. त्याने मुकाट्याने ते फिरवून घेतलं आणि पुन्हा पाण्यात घातलं.

"तुम्हाला कसं कळलं, मिस ओझेला?"

"पाणी कुरकुरत होतं. आता बघ, गप्प झालं."

पुढच्या बैठकीवर सासू आणि मागच्या बैठकीवर जावई अशी ती पिवळी कयाक सरोवराच्या काठाकाठाने चालली होती. भाड्याने घेतलेली, वल्ह्याने हाकायची दोन माणसांची होडी, सगळी प्लॅस्टिकची. ओझेला टार्व्हर तिला सकाळपासून परात म्हणत होती. तिचंही बरोबरच होतं म्हणा. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या एकूण एक सरोवरांत तिने स्वतःची लाल इंजिनाची बोट पिटाळलेली होती आणि बायकांच्या मासेमारी क्लबात तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला आणि बोट विकावी लागली. दुखणं असं की नजरेचा मधला भाग पुसला जातो, कडा तेवढ्या शाबूत राहतात. धक्क्यावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना तिने डेल्विनच्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं होतं, "तुला दोन कान आहेत आणि टोपी आहे. मध्ये काही नाही. तसं शरीसने तुझ्याशी लग्न केलं तेव्हापासून माझं हेच मत आहे."

शरीस तिची एकुलती एक लेक. तिला मासे तळलेलेच आवडत, जिवंत बघवत नसत. निघताना दारात तिने डेल्विनची बाही धरली होती. आई सबंध हिवाळाभर घराबाहेर पडली नव्हती, चर्चलासुद्धा नाही.

"काहीतरी लागू दे तिच्या गळाला," शरीस म्हणाली होती. "बोटभर का असेना."

ओझेलाचं म्हणणं मात्र बोटभराचं नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या तिने निकाल लावून टाकला होता, "एक बास मासा. चांगला दणकट, माझ्या या हातांत. तेवढा दे, मग गळाच्या काठ्या कुणाला हव्यात त्याने न्याव्यात. तुम्ही नवरा-बायको म्हणाल तशी व्हरांड्यात बसून राहीन." ती हे चिडून म्हणाली असती तर डेल्विनला एवढं वाटलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली होती.

आणि डेल्विन कोण, तर न्हावी. मासे पकडायचं खूळ डोक्यात शिरून त्याला दोन महिनेही झाले नव्हते. शहराजवळ, नवशिक्याला झेपेल अशी, कयाक घेऊन जाता येईल अशी बासची जागा कुठे आहे, एवढंच तो गिऱ्हाइकांना विचारत सुटला. आता गळ्याशी वस्तरा असलेला माणूस काय वाटेल ते सांगतो. मेव्हण्याची भानगड सांगतो, पोटातलं ऑपरेशन सांगतो. पण मासे कुठे लागतात ते सांगत नाही. एकाने त्याला बागेतल्या तळ्यावर पाठवलं, तिथे बदकं होती. दुसऱ्याने वीस मैलांवरचा ओढा सांगितला, तो आटलेला होता. गळ विकणारा दुकानदार तर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "यंदा मासेच नाहीत, भाऊ." शेवटी तो सासूच्या पाया पडल्यासारखा तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. ती बराच वेळ भेंडी चिरत राहिली आणि मग म्हणाली, "मला घेऊन जाणार असशील तर दाखवते."

क्लबातल्या बायकांनी वर्षानुवर्षं जिच्यासाठी हेरगिरी केली, ती जागा ही.

"पूल आला का?" तिने विचारलं.

"आला. पण हा तर हायवेचा पूल आहे, मिस ओझेला. इथे कोण मासे धरतं?"

"कोणी नाही. म्हणून तर."

पुलाच्या खांबांमागे सरोवराचा एक चिंचोळा फाटा आत शिरत होता. तोंडाशी पाणी इतकं उथळ की इंजिनाची बोट हमखास रुतावी. कयाकला मात्र वीतभर पाणी पुरलं. मोठ्या बोटी रोज शंभर पावलांवरून ढगफुटीसारख्या गरजत जात आणि इकडे कुणी मान वळवत नसे. ओझेला स्वतः बोट बाहेर बांधून, गुडघाभर पाण्यातून चालत इथे येत असे, आणि तेही कुणी बघत नाही याची खात्री करून.

आत शिरल्यावर डेल्विनचं वल्हं आपोआप थांबलं.

खाली पाणीच नव्हतं, असं त्याला वाटलं. सरोवराचं पाणी हिरवट, गढूळ; त्यात हात बुडवला तर बोटं दिसत नसत. इथे तळाचा एकेक खडा दिसत होता. कुठूनतरी झरा येत होता आणि तळाची वाळू एका जागी हलके हलके उकळत होती. माथ्यावरून ट्रक धडधडत जात होते, आणि त्यांच्या खाली हे असं, कुणी पहाटे उठून धुवून ठेवल्यासारखं. एवढी वर्षं या पुलावरून तो गाडी हाकत होता.

"काय झालं?" ओझेला म्हणाली.

"काही नाही."

"हं. मलाही पहिल्यांदा असंच काही नाही झालं होतं."

तिने काठी हातात घेतली, गळाला लावलेलं रबरी गांडूळ चाचपून पाहिलं. गेले तीन रविवार तिच्या परसात बादली मांडून दोघांनी सराव केला होता. कयाकचं टोक म्हणजे घड्याळातले बारा. तिथून उजवीकडे एक, दोन, डावीकडे अकरा, दहा. तो आकडा सांगे, ती त्या दिशेला तोंड करून गळ फेके. अंतराचा अंदाज तिच्या हातांना आपसूक येई. दहांतून आठ वेळा गळ बादलीत पडे आणि शेजारीण कुंपणावरून टाळ्या वाजवी.

"सांग, वाजले किती?"

डेल्विन वाकून बघत होता. उजवीकडे, काठापासून थोडं आत, वाळूत ताटाएवढी एक स्वच्छ, गोल जागा होती, झाडून काढलेली. तिच्यावर एक बास स्थिर उभा होता. कोपरापर्यंत लांब, अंगावर मधोमध काळी पट्टी.

"आहे," तो कुजबुजला. "मोठा आहे. अगदी जवळ."

"वाजले किती, ते सांग ना!"

तो 'एक' म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्या माशाच्या पोटाखाली त्याला धूर दिसला. धूर नव्हता तो. पिल्लं होती, जिऱ्याच्या दाण्याएवढी, शेकड्यांनी, सगळी मिळून एकच ढग झालेली. ढग जरा डावीकडे सरकला की मासा डावीकडे सरके.

"थांबा," डेल्विन म्हणाला.

कयाक वाहत पुढे गेली आणि तिची सावली त्या ताटावर पडली. मासा दचकून बाजूला झाला. त्याच क्षणी काठच्या गवतातून तळहाताएवढे चपटे ब्लूगिल मासे बाणासारखे आत घुसले आणि त्यांची तोंडं चालू लागली. ढगाला भोक पडलं. डेल्विनने घाईघाईने वल्हं मागे मारून कयाक हटवली. बास परतला, एकाला त्याने डोक्याने हाणलं, दुसऱ्याच्या शेपटीला लागला, आणि सगळे पळाल्यावर पुन्हा त्या ढगावर येऊन उभा राहिला. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. समोर एवढी मोठी पिवळी परात आडवी पडलेली, तरी तो जागचा हलेना.

हा मासा आत्ता गळाला लागेल, यात शंका नव्हती. जे जवळ येईल त्याला तो चावणारच होता. ओझेला त्याला हातात धरेल, डेल्विन फोटो काढेल, मग सोडून देतील. तेवढ्यात इथे काय उरलेलं असेल ते त्याने आत्ताच पाहिलं होतं. त्याने समोर, सासूच्या पाठीकडे पाहिलं. पाठ ताठ होती, वाट बघत होती. हिवाळाभर ती अशी ताठ बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"डेल्विन. वाजले किती?"

"अकरा," तो म्हणाला.

तिने तोंड डावीकडे वळवलं आणि गळ फेकला. सुरेख पडला तो, मोकळ्या पाण्यात. तिने हळूहळू रीळ फिरवून दोर गुंडाळला. काही लागलं नाही.

"अजून आहे?"

"आहे. अकरालाच."

दुसऱ्यांदा फेकला. डेल्विनला स्वतःची लाज वाटत होती, शरीसची आठवण येत होती, आणि तरी 'एक' हा शब्द काही केल्या तोंडातून निघत नव्हता. तिसऱ्यांदा तिने गळ फेकला, पण रीळ फिरवलंच नाही. दोर पाण्यावर सैल पडून राहिला. दमली असेल, त्याला वाटलं. तिचं तोंड अकराकडेच होतं.

गवतातून एक ब्लूगिल पुन्हा घुसला. बासने त्याला जबड्याने असा धक्का दिला की तो पाण्याबाहेर उडून पडला.

"शाब्बास रे!" ओझेला दबक्या आवाजात म्हणाली.

डेल्विनने दचकून पाहिलं. तिने मान वळवलेली नव्हती. ती रिकाम्या पाण्याकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या गालावर, त्याला दिसत होता तेवढ्या भागात, हसू होतं.

"मिस ओझेला, मी…"

"पिल्लं किती असतील?"

"शेकडो," डेल्विन कसंबसं म्हणाला. "तुम्हाला दिसतंय?"

"पहिल्यांदा गळ फेकला तेव्हाच दिसला. डोळ्याच्या कोपऱ्यात. पट्टी दिसली, शेपटी दिसली, अख्खा दिसला." तिचा आवाज जरा हलला. "तू खरं सांगितलं असतंस तर मी नाकासमोर बघितलं असतं आणि तो पुसला गेला असता. वर्षभर मी सगळ्यांकडे नाकासमोरच बघत बसले रे."

"मग गळ कशाला फेकत होतात?"

"तू अजून किती वेळा अकरा म्हणतोस ते बघत होते."

तिने काठी मांडीवर आडवी ठेवली, हात बैठकीच्या दोन्ही बाजूंना टेकले. डेल्विनने वल्हं पाण्यातून काढलं, थेंब पडून आवाज होऊ नये म्हणून ते पायांवर घेतलं. बास आपल्या ताटावर सावकाश फिरत होता.

"मान सरळ होतेय माझी," थोड्या वेळाने ओझेला म्हणाली. "सवयच आहे मेली. सांग, वाजले किती?"

"अकरा," डेल्विन म्हणाला.

"हं. सांगत राहा."