डाव्या बाजूचा कापूस

“डाव्या बाजूला जरा मऊ ठिवा, मावशी,” काशप्पा म्हणाला, “नवरदेवाच्या कपाळावर आवाळू हाय. दाबलं की दुखतंय म्हणं.”

मायने हातातली बांबूची कामटी खाली ठेवली. काशप्पाने पुढे केलेली सुपारी घेतली, तिच्यावर गुंडाळलेला हळदीचा दोरा उलगडला आणि दोन्ही हातांत ताणून धरला. आमच्याकडे बाशिंगाचं माप असंच येतं. नवरदेवाच्या एका कानापासून कपाळावरून दुसऱ्या कानापर्यंत दोरा धरायचा आणि दोन टोकांना दोन गाठी मारायच्या. या दोऱ्यात मात्र तिसरी गाठ होती, डाव्या भुवईच्या वर येईल अशी. माय त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिली.

“नवरदेव कुठला?” तिने विचारलं. असलं ती गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही.

“मूळचा बिदरकडचा. हैदराबादेत असतोय. आमी नवरीकडचे, मादन हिप्परग्याचे. बाशिंग आमच्याकडून जायाचं, म्हणून माप मागवून घेतलं. कामून?”

“उगंच.”

“लवकर करा बगा. बाजारात थर्माकोलचं तयार मिळायलंय, लाइटीवालं बी हाय. पन आमच्या बंडेप्पाला कागदाचंच पायजे. जुनी मानसं, काय बोलावं त्यांना!” मायच्या खोलीत बसून, तिच्याच तोंडावर तो हे म्हणाला आणि वर हसला. “नवरदेव बी लई घाईत हाय. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!”

मायने सुपारी त्याच्यासमोर ठेवली. “दुसरीकडं बगा. मला ह्या आठवड्यात व्हायचं न्हाई.”

तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला. ती चुलीवर खळ शिजवत होती, बाहेर आली नाही. “घे की माय. माप आल्यावर परत करू न्हाई, तूच म्हंतीस.”

काशप्पा नवरीचं मापही ठेवून निघून गेला. तो गल्लीच्या टोकाला पोचल्यावर माय उठली. भिंतीवर बिरोबाच्या तसबिरीमागे एका खिळ्याला दोन जुने दोरे अडकवलेले होते. घरच्या लग्नातला मापाचा दोरा फेकला तर संसार तुटतो, असं ती मानते. त्यातला एक तिने काढला आणि नव्या दोऱ्याला लावला. लांबी तीच होती. तिसरी गाठही त्याच जागी होती.

जुना दोरा मल्लेशचा होता. मल्लेश म्हणजे माझ्या अक्काचा, धनलक्ष्मीचा, नवरा.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मी तेव्हा बसवकल्याणच्या कॉलेजात बी.ए.ला होते आणि घरातल्या खळीच्या वासाचा मला मनापासून तिटकारा होता. आता मी शाळेत शिकवते, चार लोक मला बाई म्हणतात, पण त्या वासाने आजही माझं डोकं उठतं. वडील, पिराप्पा, लवकर वारले. मेंढरं त्यांच्या आधीच गेली होती. मायने शेजारच्या म्हातारीकडे मजुरीवर कामट्या तासायला सुरुवात केली आणि ती म्हातारी मेली तेव्हा तिची कात्री आमच्या घरात आली. तेव्हापासून रेणुकाबाई म्हणजे बाशिंगवाली. पतंगी कागदाच्या पताका, मांडवाच्या झालरी, कागदाची फुलं, गोंडे, सगळं ती करायची. पण नाव बाशिंगाचं. पुठ्ठ्यावर बेगड चिकटवून ती त्यात असा मोर कापायची की लोक नवरी सोडून बाशिंग बघत. आणि ज्या घरी बाशिंग जाई, त्या घरच्या लग्नाला तिला बोलावणं नसे. रांडमुंड बाई मांडवात नको. तिच्या हातचं बाशिंग कपाळाला चाले, तिचा पाय उंबऱ्याला चालत नसे. मला हे लहानपणापासून दिसत होतं आणि लहानपणापासून माझा जळफळाट होत होता. माय मात्र म्हणायची, आपलं काम माप घ्यायचं.

अक्काचं लग्न झालं कमठाण्याला. चार वर्षांत पाळणा हलला नाही. मग एका उगादीला मल्लेश तिला आमच्याकडे घेऊन आला, पुरणपोळी जेवला आणि म्हणाला, हैदराबादेत खोली बघतो, मग न्यायला येतो. त्याला दोन वर्षं झाली होती. अक्काची ट्रंक बाजेखाली तशीच बांधलेली होती. रोजच्या दोन साड्या तेवढ्या तिने बाहेर काढल्या होत्या. बाकीच्या काढल्या तर इथेच राहिल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं. कमठाण्याच्या पंचांना विचारलं की म्हणत, दिवाळीनंतर. दिवाळी गेली की म्हणत, पीक निघू द्या.

त्या संध्याकाळी मायने मला परसात नेलं आणि दोन्ही दोरे माझ्या हातात दिले.

“पोलिसात जाऊ,” मी म्हणाले. “पहिली बायको असताना दुसरं लग्न करता येत नाही. कायदा आहे.”

“तुझा कायदा तिला नांदवनार हाय का?” माय फिस्कारली. “अन् हळू बोल. तिला कळू द्यायचं न्हाई. जीव देईल पोरगी.”

“मग बाशिंग करून देणार तू? जावयाच्या दुसऱ्या लग्नाला?”

“देनार. माझ्या हातानं न्हेऊन देनार. अन् भर मांडवात तेच्या थोबाडावर इचारनार, माझी लेक कुटं ठिवलास म्हणून. बगू मग कोन हळद लावतंय!”

पुढचे पाच दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. माय कागदावर सूड उगवत होती. बेगड फाटायचं, ती शिव्या द्यायची, पुन्हा नवा ताव घ्यायची. मी पुस्तक उघडून बसायची आणि एक ओळही वाचत नसे. अक्का मुकाट्याने मणी ओवत होती. तिच्या शांतपणाचा मला फार राग येत होता. हिला काहीच कसं कळत नाही, असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, कळूच नये.

पाचव्या दिवशी दोन्ही बाशिंगं तयार झाली. नुसतं अस्तर शिवायचं राहिलं होतं. अक्काने नवरदेवाचं बाशिंग मांडीवर घेतलं, कापसाची चपटी गादी केली आणि डाव्या भुवईच्या वर बरोबर बसवली. मापाच्या दोऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मायचा हात थांबला. मीही वर बघितलं.

“काय बगायलाव दोघी?” अक्का म्हणाली. “चार वर्सं त्या आवाळूला मी तेल लावलेय. मला जागा ठाव न्हाई व्हय?”

“तुला कवा कळालं?” मायने विचारलं.

“तो काशप्पा पयल्यांदा बोलला तवाच.”

“मग घे कामून म्हणालीस गं?”

अक्काने शिवणीचा दोरा दातांनी तोडला. “दोन वर्सं झाली माय, मला कोनीच खरं सांगंना. पंच न्हाई, सासू न्हाई. आता तुमी दोघी बी लपवायलाव. मला माझ्या डोळ्यानं बगायचं हाय.”

आम्ही तिला वाचवत होतो म्हणे. तीच पाच दिवस आम्हाला सांभाळत होती. माय पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि अक्का शांतपणे दुसऱ्या बाशिंगाला अस्तर लावत राहिली.

लग्नाच्या सकाळी आम्ही तिघी निघालो. आळंदला बस बदलली. बाशिंगं टोपलीत होती, वर ओढणी, आणि टोपली अक्काच्या मांडीवर. मादन हिप्परग्याला मांडव लांबूनच दिसला. झालरी प्लास्टिकच्या होत्या. मायने तेवढ्यातही नाक मुरडलं.

बंडेप्पा, नवरीचा बाप, मांडवाच्या दारातच भेटला. वाळलेला, तांबारलेल्या डोळ्यांचा माणूस. बाशिंग बघून खूश झाला. “अगदी बरोबर येळेला आलाव बगा.”

“येळेलाच आले,” माय म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “ही माझी लेक, धनलक्ष्मी. मल्लेशची लगनाची बायको. जित्ती हाय. तुमी कुनाला पोरगी द्यायलाव, म्हाईत हाय का तुमाला?”

मांडवातली माणसं वळली. मला वाटलं, आता हा माणूस हबकेल, डोक्याचं मुंडासं काढून फेकेल आणि लग्न मोडेल. मी तेव्हा वीस वर्षांची होते.

बंडेप्पाने इकडेतिकडे पाहिलं आणि मायला बाजूला घेतलं. “म्हाईत हाय की,” तो हळूच म्हणाला. “सोडचिट्टी झाली म्हनले.”

“कागद बगितलाव?”

“न्हाई.”

“मग?”

“मग काय? मला चार पोरी हायत, बाई. तो काई मागायला न्हाई. मांडव पडलाय, गाव जेवायला बसलंय. तुमच्या पोरीसाठी मी माझी पोर घरात ठिऊ?” त्याने हात जोडले, पण आवाजात जरब होती. “आल्याव तर जेवून जावा. गोंधळ करू नका.”

एवढ्यात मल्लेश आला. अंगाला हळद, नवं धोतर, कपाळावर ते आवाळू. अक्काला बघून तो क्षणभर गांगरला, मग चिडला. चोर तो चोर, वर शिरजोर.

“तू कशाला आलीस?”

“बाशिंग द्यायला,” अक्का म्हणाली.

“तमाशा करायचा न्हाई हितं. सांगून ठिवतो.”

“मुडद्या, तुला खोली बगायला पाठवलं हुतं का सवत आनायला!” माय किंचाळली. तिने टोपलीत हात घातला आणि नवरदेवाचं बाशिंग बाहेर ओढलं. “हे बांदून घेनार तू? माझ्या हातचं? थांब, फाडूनच टाकते!”

इतक्या वर्षांत मायने तयार बाशिंग कधी फाडलेलं मी पाहिलं नव्हतं. अक्काने तिचं मनगट धरलं. “न्हाई माय. त्यात पाच दिवस माझे बी गेलेत.” तिने बाशिंग काढून घेतलं, टोपली उचलली आणि कुणाला न विचारता नवरीच्या खोलीत शिरली. मी मागे गेले.

नवरीचं नाव हेमावती. अठरा वर्षांची म्हणून सांगितलेली, काडीसारखी पोरगी, हळदीत माखून पाटावर बसलेली. बायका आपसात कुजबुजत होत्या, बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. अक्का तिच्यासमोर बसली आणि टोपलीतलं नवरीचं बाशिंग तिच्या कपाळाला लावून बघू लागली.

“तुमीच का त्या?” हेमावतीने विचारलं.

“व्हय.”

“मला सांगितलं, त्या वारल्या म्हणून.”

“न्हाई. हाय अजून,” अक्का म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. “हे बग, तुला उठायचं असलं तर आत्ताच उठ. मी संगं येते. कोन बी आडवं आलं तर मी बगते.”

हेमावतीने दाराकडे पाहिलं. दारात तिच्या तीन धाकट्या बहिणी नवे फ्रॉक घालून उभ्या होत्या. तिने मान खाली घातली.

अक्काने तिला पुन्हा विचारलं नाही. ती बाशिंगाची दोरी आवळायला लागली, तशी पोरीने डोळे मिटले.

“टोचतंय?”

“उलसं. हितं, हाडाला.”

अक्काने बाशिंग परत काढलं. मांडीवर नवरदेवाचं बाशिंग घेतलं, अस्तराची शिवण दातांनी उसवली आणि डाव्या बाजूची कापसाची गादी ओढून बाहेर काढली. तिचे दोन भाग केले आणि हेमावतीच्या बाशिंगात दोन्हीकडे सारून वरून टाके घातले.

“अगं बाई, मग नवरदेवाला लागंल की!” एक म्हातारी म्हणाली.

“लागंल,” अक्का म्हणाली.

आम्ही जेवलो नाही. मी बाहेर येऊन म्हणाले की आळंदच्या पोलीस ठाण्यात चला, अजून वेळ आहे. माय ओट्याला टेकून बसली होती, तिने मान हलवली. “तू जा की, तुला कोन धरलंय,” अक्का म्हणाली. ती रागाने बोलली नव्हती. मी गेले नाही. तीन बायका, परकं गाव, बसभाडं मोजून आणलेलं, अशी कितीतरी कारणं मी नंतर स्वतःला सांगितली. खरं कारण एकच, मी भ्याले. बंडेप्पाचा, मल्लेशचा, त्या जेवणाऱ्या गावाचा मला आजही संताप येतो आणि त्यात माझा वाटा मी वगळत नाही.

बस यायला वेळ होता. रस्त्यावरून मांडवाची एक बाजू उघडी दिसत होती. वाजंत्री सुरू झाली. मल्लेशला बाशिंग बांधलं आणि तेवढ्यात त्याचा हात कपाळाकडे गेला. कुणीतरी तो खाली केला. थोड्या वेळाने परत गेला. मंगलाष्टकं होईपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. माय ते बघून पहिल्यांदाच थोडी हसली.

अक्का त्याच्याकडे बघत नव्हती. ती हेमावतीकडे बघत होती. पोरगी मान ताठ करून उभी होती आणि बेगडाचा मोर तिच्या कपाळावर जरासुद्धा हलत नव्हता.

“पोरीचं बरं बसलंय,” अक्का म्हणाली, आणि रिकामी टोपली काखेला मारून बसच्या दिशेने चालू लागली.