दर सहा तासांनी एक

यार्डातल्या सगळ्यांची ती वहिनी. नवरा तिथेच वेल्डर होता, म्हणून. दोन महिन्यांपूर्वी तो हाडाच्या कॅन्सरने गेला, तरी ती वहिनीच राहिली. अकरा वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंडाच्या मोळ्या ट्रकवर अशा अलगद ठेवायची की आत झोपलेल्या ड्रायव्हरची झोपसुद्धा मोडू नये. दारू नाही, तंबाखू नाही, साधी चहाची तलफ नाही. अशा बाईच्या लघवीत अफूच्या जातीचं औषध सापडलं, तेव्हा सगळ्या यार्डाने तोंडात बोटं घातली.

नशेच्या चाचणीसाठी कॉम्प्युटर दर महिन्याला नंबर काढायचा. ज्याचा निघेल त्याने नर्सच्या खोलीत जाऊन कप भरून द्यायचा. वहिनीने मुकाट्याने दिला. रविवारी घेतलेली गोळी तिच्या ध्यानातही नव्हती. अहो, त्या दिवसांत भाजी करपली तरी तिला वास यायचा नाही.

युनियनचा सेक्रेटरी धावत आला. त्याला सगळे कलमकाका म्हणत, कारण करारातली कलमं त्याला झोपेतही म्हणता यायची.

"वहिनी, खरं सांगा. काय घेतलंत?"

"ह्यांची गोळी. एकच. रविवारी दुपारी."

काकाने कपाळाला हात लावला. "दुसऱ्याचं औषध म्हणजे कलम नऊ. थेट घरी. पण सवय आहे असं स्वतःहून कबूल केलं, तर कलम चौदा. तीन महिने उपचार, नोकरी शाबूत."

"म्हणजे एक घेतली तर घरी, आणि रोज घेतली तर कामावर?"

"मीच लिहिलंय ते कलम," काका ओशाळला. "दारूवाल्यांना वाचवायला. एका गोळीचा विचार कोण करतो हो? तुम्ही एवढंच म्हणा, ह्यांच्या आजारपणात रजेवर होते तेव्हा सवय लागली, मग सोडली, रविवारी घसरले. पण ती एक तरी कशाला घेतलीत?"

"डोकं दुखत होतं."

डोकंबिकं काही दुखत नव्हतं. डॉक्टरांनी नवऱ्याला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, दर सहा तासांनी एक, दिवसाला चार. आणि निघताना म्हणाले, "औषध कडक आहे, जपून." हे 'जपून' वहिनीच्या डोक्यात घट्ट बसलं. चाचणीत सापडून घरी गेलेले दोन गडी तिने पाहिले होते. नवरा बरा होऊन कामावर जाईल आणि पहिल्याच कपात पकडला जाईल, ही तिला धास्ती. बरा होऊन! म्हणून ती सकाळी एक द्यायची, संध्याकाळी एक. दुपारी त्याला पेपरही हातात धरवायचा नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "अगं, दे ना एक." ती म्हणायची, "जरा कळ काढा, सवय लागेल." तो बिचारा शेवटपर्यंत कळ काढत राहिला.

रविवारी कपाट आवरताना उरलेल्या गोळ्या हाताला लागल्या. आपण त्याला नक्की काय दिलं नाही, ते तिला बघायचं होतं. ती त्याच्या जागेवर बसली आणि एक घेतली. तासाभरात खांद्यातली अकरा वर्षांची ठणक गेली. एवढं सोपं होतं? तेव्हापासून तिला ना रडू आलं, ना भीती वाटली. सगळं बधिर.

पण नोकरी हवीच होती. राहतं घर कंपनीचं, आणि मुलीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष.

चौकशीला कंपनीच्या अधिकारी बाई होत्या. बाई तशा वाईट नव्हत्या, फक्त फॉर्मवरचा एकही रकाना सोडत नव्हत्या.

"रजेत असताना दिवसाला किती गोळ्या घ्यायचात?"

काकाचा चेहरा पडला. हे पढवायचं राहूनच गेलं होतं.

"चार," वहिनी म्हणाली. "सकाळी सहाला, दुपारी बाराला, परत सहाला, परत बाराला."

"कधी कमीजास्त?"

"नाही. एकही चुकवली नाही. दुपारची तर कध्धीच नाही."

"त्याने काय व्हायचं?"

"दुखायचं नाही. भिंतीकडे तोंड करून पडावं लागायचं नाही. उठून बसून पेपर वाचता यायचा."

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. 'मला या औषधाची सवय लागली होती,' असं त्यावर छापलेलं होतं. वहिनीने सही केली. नोकरी वाचली.

बाहेर आल्यावर काकाला हसू आवरेना. "कमाल केलीत! मी तर गारच पडलो होतो. ते वेळापत्रक, तो पेपर... ऐन वेळी सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचलं नाही काका," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी ह्यांना लिहून दिलं होतं."