दुसऱ्या दोराला माणूस

"दादानेच काहीतरी ओतलंय," धाकटा म्हणाला आणि मेलेला मासा त्याने नाकाशी नेला. वास माशाचाच आला. तरी त्याने दुसरा उचलला.

"आता किती हुंगाल?" बायको होडीतून म्हणाली. "विष असतं तर एव्हाना तुम्हीही आडवे झाला असता."

खाडीत दोघा भावांचे मासे पाळायचे पिंजरे शेजारी शेजारी तरंगत. वर लाकडी चौकट, खाली लोंबतं जाळं. वडिलांमागे वाटणी झाली, तेव्हापासून धाकट्याच्या मनात किडा वळवळत होता: दादाने चांगली बाजू लाटली. आणि आज धाकट्याचे दोन पिंजरे पांढऱ्या पोटांनी भरलेले, दादाकडे एकही मासा वर आला नाही. आणखी पुरावा तो काय हवा?

त्याने होडी तिकडे घातली. चौकटी जागच्या जागी, पण जाळी दिसेनात. दोर सरळ खोल गेलेले. त्याने एक दोर थोडा वर ओढला. वरचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट, आणि खालून आलेला दोर हाताला गारेगार.

मग त्याला आठवलं. मागच्या आठवड्यात दादा होडीतून ओरडला होता, "वारा पडलाय रे. हवामानवाले म्हणतात, जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसलीय, इतक्यात हलायची नाही. वारा ढवळणार नाही, वरचं पाणी तापतच राहील. माशांना श्वास पुरायचा नाही. पिंजरे खाली सोड."

धाकट्याला त्यात डाव दिसला होता. खाली गारठ्यात मासे खात नाहीत, वाढत नाहीत. म्हणजे माझे खुरटावेत, याचे पोसावेत. दादाने स्वतःचे सोडलेत का, एवढं मान वळवून बघायचं, तेही त्याने केलं नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या तिसऱ्या पिंजऱ्यातले मासे अजून जिवंत होते, पाण्यावर तोंडं उघडून.

"हा खाली सोडायचा तर दुसऱ्या दोराला माणूस लागेल," बायको म्हणाली. "पिंजरा कलला तर सगळे एका कोपऱ्यात चेंगरून मरतील. मी होडी धरते. बोलवा दादांना."

"तो मुद्दाम सोडून देईल."

"देऊ दे. नाहीतरी दुपारपर्यंत मरणारच आहेत."

दादा आला. का बोलावलंस, एवढंही न विचारता चौकटीच्या समोरच्या कडेला बसला. "तू सोड. तुझ्याकडे बघून मी सोडतो."

पण धाकट्याची नजर दादाच्या हातांवर खिळलेली. ते ढिले पडतायत का, बोटं उघडतायत का. बघता बघता त्याचाच दोर निसटला. पिंजरा त्याच्या बाजूने झपकन कलला.

समोर दादाने मूठ सैल केली. दोर त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला. पिंजरा पुन्हा सपाट झाला तसा त्याने दोर करकचून धरला. तोवर धाकट्यालाही आपला दोर सापडला होता.

मग दोघांनी हळूहळू उरलेला दोर सोडला. गाठी मारल्या.

"हाताला लागलं का रे तुझ्या?" दादाने विचारलं, आणि आपले सोललेले तळवे खारट, कोमट पाण्यात बुडवून तो तसाच बसून राहिला.