टाकी कापण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. पण जन्माने शेगडी नव्हे. आधी मी गॅसची टाकी होते. कितीतरी वर्षं घरोघरच्या ओट्यांखाली उभी राहिले. मग तळ गंजला आणि एका वेल्डरच्या घरामागे भंगारात येऊन पडले.

वेल्डरचा हात असा की जोड बोटाने चाचपूनही सापडू नये. पण त्याची बायको गेली आणि माणूस नुसता उरला. वाढलं तर जेवायचा, नाही तर नाही. तो रडला नाही, चिडलाही नाही. घरात आता दोघंच होती, तो आणि त्याची सासू. म्हातारीची खोली इतकी गार की तिची बोटं आखडायची. तिने जावयाकडे लाकडाची शेगडी मागितली. तो "बरं" म्हणाला.

दुपारी त्याने मला अंगणात आडवी केली आणि लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला. मित्रांनो, रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते. माझ्या पोटात अजून गॅस होता. आधी तोटी काढून गळ्यापर्यंत पाणी भरायचं, मगच कापायचं, हे त्याला पाठ होतं. त्या दिवशी तो विसरला, की त्याला फिकीरच उरली नव्हती? मला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

म्हातारी दारातून पाहत होती. लेकीच्या तोंडून वर्षानुवर्षं या कामाचे धोके ऐकलेली बाई ती. ती स्टूल घेऊन आली आणि मला खेटून बसली.

"आई, बाजूला व्हा," तो म्हणाला.

"पाणी भरलंत?"

त्याने नळाकडे पाहिलं.

"मग कापा. मी इथेच बसते. दोघंही एकदमच जाऊ."

त्याने ग्राइंडर खाली ठेवला. मग त्याची पिन बोर्डातून काढली आणि पाण्याची नळी आणली.

पुढचं काम त्याने नीट केलं. पोटाला दार कापलं, बिजागऱ्या लावल्या, लोखंडी पाइपच्या तुकड्यांचे पाय जोडले, धुराडं खिडकीबाहेर काढायची सोय केली. पहिला जाळ मात्र अंगणातच केला, कारण माझा रंग जळताना विषारी धूर निघतो. मग मला म्हातारीच्या खोलीत ठेवलं. दोघं माझ्याजवळ बसत.

एका संध्याकाळी लाकूड सारताना माझ्या दाराचा त्याच्या बोटाला चटका बसला. फोड एवढासा आला. पण तो रडू लागला आणि त्याला थांबता येईना. म्हातारीने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. एवढ्याशा फोडाला काय रडायचं, असं ती म्हणाली नाही.

मित्रांनो, माझी राख वेळच्या वेळी काढा, धुराड्यात काजळी साचू देऊ नका. माझ्यासारखी टाकी दिसली तर स्वतः तिला हात लावू नका. आणि घरातलं कुणी रडत नाही म्हणून ते सावरलं आहे, असं धरून चालू नका.