मोडायचं काम

सुनेने हौसेने रिमोटवर पळणारी खेळण्यातली गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी पायरीवर आपटली. पुढचं चाक धरणारी प्लास्टिकची पट्टी मोडली.

चाळीस वर्षं फिटर होतो मी. प्लास्टिक बघून डोकंच फिरलं. कानशीने घासून ॲल्युमिनियमची पट्टी करून दिली. म्हटलं, "आता हत्तीने पाय दिला तरी मोडणार नाही!"

नाहीच मोडली. पुढच्या धडकेत गाडीचा अख्खा सांगाडाच तडकला.

सून शांतपणे म्हणाली, "बाबा, धक्का कुठेतरी जाणारच. मोडायचं काम स्वस्तातल्या पट्टीकडेच असू द्या."

नवा सांगाडा आला, पट्टी मुकाट्याने प्लास्टिकचीच बसवली.

आज पायरीवर पुन्हा काडकन आवाज आला. मी धावत जाऊन गाडी उचलली. सांगाडा शाबूत होता.

"पट्टीच मोडली गं!" मी आनंदाने ओरडलो.